‘नळ आले’ म्हणणाऱ्या शहराची ओळख

वाचकाचा प्रश्न

पत्रलेखिका 31 वर्षांची, इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते. वडील मराठी, आई देवासजवळच्या मालवी घरातली. येत्या गुढीपाडव्याला मुंबईतल्या एका शोभायात्रेत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचा जथा चालणार आहे आणि इंदूरकडून तिचं नाव गेलं आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येक शहराच्या प्रतिनिधीने व्यासपीठावर तीन मिनिटांत स्वतःचा आणि गावाचा परिचय करून द्यायचा आहे. मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी तिला मजकूर लिहून दिला आहे. त्यात ‘अहिल्यानगरीची कन्या’ आहे, होळकरांचा पराक्रम आहे, शेवटी घोषणा आहे. तो पाठ झाला, पण तिच्या तोंडी बसत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याला चुलतबहिणीच्या लग्नात तिने सकाळी उठून ‘नळ आले का?’ असं विचारलं आणि घरभर हशा पिकला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माणसांसमोर तिची जीभ जड होते. मूळ गाव सातारा भागातलं, एवढंच ऐकून माहीत, पाहिलेलं नाही. आजोबा इंदूरच्या कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते, त्यांच्या खांद्यावर बसून अनंत चतुर्दशीच्या झांक्या (विसर्जन मिरवणुकीतले फिरते देखावे) पाहिल्याचं ती जाता जाता लिहून जाते. ती विचारते: ‘अर्धी मालवी, मराठीत हिंदी मिसळलेली आणि मूळ गाव न पाहिलेली मी कुणाची प्रतिनिधी म्हणून उभी राहू? नाव मागे घेऊ का?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आईला चल म्हटलं तर ती म्हणते, तुम्ही जा, तिथे माझं काय काम?’

उत्तर

प्रिय मुली,

पत्रात तू मला काकू म्हटलं आहेस, तेव्हा मीही तुला अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नापाशी थांबले, दुसऱ्यांदा आईच्या त्या ओळीपाशी. तिच्याकडे मी येणार आहे. पण आधी नळ.

‘नळ आले’ हे वाक्य मी इंदुरात जन्मभर ऐकलं आहे आणि रोज बोलते आहे. ते कुठून आलं याचा तू कधी विचार केलास? आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि ज्याच्या त्याच्या गल्लीची वेळ ठरलेली असते. मंडलेश्वरजवळ जलूद नावाचं गाव आहे. तिथे ते उपसतात, विंध्याचा चढ चढवतात आणि जवळपास 70 किलोमीटरवरून शहरात आणतात. हे पाणी इंदूरला मिळावं म्हणून 1970 मध्ये अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं. ज्या गल्लीत पहाटे कुणीतरी दारात उभं राहून ‘नळ आले!’ अशी हाक देतं, मग दहा घरांतल्या मोटारी एकदम घरघरायला लागतात, अंगणात पाइप ओढले जातात आणि अंघोळीपासून कपड्यांपर्यंत सगळ्या दिवसाची घडी त्या हाकेवर बसते, तिथे नळच येतात. पाहुण्यासारखे, वेळ सांगून. शेजारची भाभी ‘नल आ गए’ म्हणते, आपण ‘नळ आले’ म्हणतो. पुण्यातल्या तुझ्या बहिणीच्या घरी टाकीतून दिवसभर पाणी असेल, तिला ही हाक कधी द्यावीच लागली नसेल. तिने हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं म्हणून ती हसली. तिच्या मनात काही वाईट होतं असं तुझ्या पत्रावरून तरी दिसत नाही. पण त्या हशावरून तू निकाल लावलास की आपलं मराठी चुकलं. नळ हा शब्द मराठी, आले हा शब्द मराठी. मला त्यात चूक कुठेच सापडली नाही.

नागपूरचा माणूस ‘जेवून राहिलो’ म्हणतो, कोल्हापूरची बाई ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते, मालवणचा माणूस तर अर्ध्या महाराष्ट्राला समजणार नाही असं सुंदर मराठी बोलतो. त्यांना कुणी ‘आधी पुण्याचं मराठी शिका, मग यात्रेत चाला’ असं म्हणत नाही. मग इंदूरने काय घोडं मारलं आहे? अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीन वेळा भरलं आहे, 1917, 1935 आणि 2001 मध्ये. मराठीने इंदूरला परकं मानलं असतं तर ती तीनदा आपल्या दारी आली नसती.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तू गणिताची शिक्षिका आहेस आणि तुला नेमकं बोललेलं आवडत असेल. आपल्या बोलण्यात हिंदी दोन वाटांनी येते. एक वाट ‘नळ आले’ची, ‘जाम लागला’ची, ‘बोरिंगचं पाणी’ची. हे शब्द इथल्या जगण्यातून आले आहेत, ते काढले तर वाक्य लंगडं होईल. दुसरी वाट शब्द हरवल्याची. ‘सण’ आठवत नाही म्हणून ‘त्योहार’, ‘आठवण’ सुचत नाही म्हणून ‘याद’. हे हरवलेले शब्द परत मिळवण्यासारखे आहेत. माझ्या नातवाला मी तिथे टोकते आणि तो चिडतो तरी टोकते. तुझ्या तीन मिनिटांत अशी दुसऱ्या वाटेची चारदोन वाक्यं असतील तर ती दुरुस्त कर. पहिल्या वाटेच्या वाक्यांना हात लावू नकोस.

आता मूळ गावाकडे येते. या प्रश्नाने मलाही एकदा घाम फोडला होता. लग्नानंतर दोनेक वर्षांनी सासरच्या नात्यात नाशिकला हळदीकुंकवाला गेले होते. दहाबारा बायका बसलेल्या. एका वयस्क बाईंनी माझं आडनाव ऐकून विचारलं, ‘मूळचे कुठले तुम्ही?’ मी म्हटलं, ‘रत्नागिरीकडचे.’ त्यांचं माहेर तिथलंच निघालं. ‘कुठलं गाव? कुणाची वाडी? देऊळ कुठलं?’ मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. वाटीतली हरभऱ्याची उसळ तशीच हातात राहिली. त्या बाई समजुतीच्या होत्या, त्यांनी विषय बदलला. पण मी घरी आले ती आपण खोटं बोललो असंच वाटून घेऊन. मी खोटं बोलले नव्हते. जिथे मी पाऊलही टाकलं नव्हतं ते गाव मी उत्तराच्या पहिल्या जागेवर ठेवलं आणि जिथे माझी चार पिढ्यांची माणसं जन्मली, भांडली, वारली, त्या इंदूरला मी उत्तरातून वगळलं. हा क्रम चुकला होता.

तू हाच क्रम धरून बसली आहेस. ‘मूळ गाव पाहिलं नाही, तर प्रतिनिधी कशी होऊ’ असं तू विचारतेस, पण तुला प्रतिनिधी म्हणून पाठवतंय कोण? सातारा की इंदूर?

काकांच्या मजकुरात होळकर आहेत, तर होळकरांचंच उदाहरण घे. मल्हाररावांचा जन्म 1693 चा, गाव नीरेकाठचं होळ. त्या गावावरून होळकर. त्यांच्या आडनावातच मूळ गाव आहे! तरी माळव्यातला माणूस त्यांना होळचे पाहुणे समजत नाही आणि होळचा माणूसही त्यांना इंदूरपासून तोडत नाही. अहिल्याबाई चौंडीच्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. सून म्हणून माळव्यात आल्या, नवरा गेला, सासरे गेले, मुलगा गेला, आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी इथला कारभार बघितला. त्या चौंडीच्या होत्या की माळव्याच्या, असं विचारलं तर प्रश्नच चुकीचा वाटतो. दोन्हीकडची माणसं त्यांना आपली म्हणतात. तुझ्या घराण्याची गोष्ट इतकी मोठी नाही, पण तऱ्हा तीच आहे: माणसं आग्रा रोडने वर आली आणि इथली झाली.

व्यासपीठावरून उतरल्यावर कुणी विचारलंच ‘मूळचे कुठले’, तर सरळ सांग: ‘आम्ही इंदूरचे. पणजोबांच्याही आधी साताऱ्याकडून आलो, गाव नक्की माहीत नाही.’ एवढं पुरे. आणि हे माहीत करून घ्यावं असं तुला मनापासून वाटत असेल (तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं), तर घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला कुलदैवत विचार आणि उत्तर वहीत लिहून ठेव. बऱ्याच घरांत गावाचं नाव पुसलं गेलेलं असतं, पण कुलदैवत टिकलेलं असतं आणि त्यावरून मुलुखाचा अंदाज येतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनावावर आणि गावावर लावलेल्या वह्या असतात. कुणी पूर्वज तिथे श्राद्धाला गेला असेल तर त्याची नोंद मिळू शकते. हे काम सावकाश, एखाद्या सुट्टीत कर. पाडव्यापर्यंत ते झालं नाही तर तुझं काही अडत नाही.

काकांनी दिलेल्या मजकुराबद्दल बोलायला हवं. त्यांचा हेतू चांगला आहे. शहराची मान उंच राहावी म्हणून त्यांनी ते लिहिलं, आणि आपल्या मंडळांत अशी झटणारी माणसं आहेत म्हणून तर नाटकं होतात, पाडवा होतो, मुलांच्या कानावर चार मराठी शब्द पडतात. पण त्या मजकुरातल्या दोन गोष्टी मला बदलायला हव्याशा वाटतात. ‘राजवाड्यावरून अहिल्याबाईंनी राज्य केलं’ हे वाक्य काढ. त्यांची राजधानी महेश्वर होती, नर्मदेच्या काठी. राजधानी इंदूरला आली ती 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. मुंबईच्या सभेत इतिहास जाणणारं कुणीतरी बसलेलं असतंच आणि तिथे चूक निघाली तर काकांनाच वाईट वाटेल. दुसरं, ‘अहिल्यानगरीची कन्या’. इंदुरात हे नाव आपण प्रेमाने घेतो. पण 2024 मध्ये अहमदनगरचं नाव अहिल्यानगर झालं. महाराष्ट्रातल्या सभेत ‘मी अहिल्यानगरीची’ म्हणालीस की अर्ध्या लोकांना तू नगरची वाटशील आणि पुढची दोन वाक्यं ते गोंधळात घालवतील. सरळ ‘इंदूर’ म्हण. तेही ‘इंदौर’ नको. मराठीत बोलताना आपल्या शहराला मराठी नाव आहे.

नाव मागे घ्यायचं का? मला वाटतं, नको. तू मागे आलीस तर तुझी जागा रिकामी राहणार नाही. ज्याला काहीच प्रश्न पडत नाही असं कुणीतरी तोच मजकूर खणखणीत आवाजात म्हणून येईल. आणि पुढच्या वर्षी अशीच एखादी मुलगी, जिची आई मालवी किंवा निमाडी किंवा पंजाबी आहे, ती नाव द्यायच्या आधीच मागे सरेल. मात्र व्यासपीठाच्या विचाराने तुझी रात्रीची झोप उडत असेल, तर यात्रेत चाल आणि परिचयाचं काम दुसऱ्याला दे. त्यात काही कमीपणा नाही. तुझं पत्र वाचून मला तसं वाटलं नाही, कारण भीतीपेक्षा तू ‘तोंडी बसत नाही’ ही तक्रार जास्त केली आहेस. ज्याला बोलायचंच नसतं त्याला शब्द तोंडी बसतात की नाही याची फिकीर नसते.

काकांचा मजकूर तसाच म्हणून मोकळं व्हायचं, हाही एक मार्ग आहे. तीन मिनिटं निघून जातील. पण पाठ केलेलं वाक्य अडखळलं की पुढचं आठवत नाही, आणि तुझ्याजवळ स्वतःचं दुसरं वाक्य तयार नसेल. स्वतःची गोष्ट सांगणारा माणूस अडखळला तरी वाट चुकत नाही.

मग सांगायचं काय? इंदूर म्हटलं की तीन गोष्टी सगळे सांगतात: पोहे-जिलेबी, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आणि देशातलं सर्वांत स्वच्छ शहर. तिन्ही खऱ्या आहेत, तिन्हींचा मलाही अभिमान आहे. पण त्या ऐकणाऱ्यांना आधीपासून माहीत आहेत. त्यासाठी तुझी गरज नाही, मोबाइल पुरतो. तू ते सांग जे तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं आहेस. आणि ते तुझ्या पत्रात आहे. एका वाक्यात लिहून तू पुढे निघून गेलीस.

आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेल्या झांक्या.

तुझं वय 31. म्हणजे तू आजोबांच्या खांद्यावर बसलीस तेव्हा आजोबांची मिल बंद झालेली असेल किंवा बंद पडायला आलेली असेल. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण यांचीही धुराडी एकामागून एक थंड झाली. हुकुमचंदच्या कामगारांचे थकलेले पैसे हातात पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. वाट बघताना किती जण गेले. आणि या मधल्या सगळ्या काळात, पगार नाही, भोंगा नाही, तरी गणपती विसर्जनाच्या रात्री मिलच्या नावाची झांकी निघत राहिली. वर्गणी गोळा करायची, इकडून तिकडून मदत मागायची, लाकडी सांगाड्यावर पुतळे बसवायचे, बल्बांच्या माळा लावायच्या, कुठे हात हलणारा राम, कुठे उघडझाप करणारं कमळ. समोर आखाड्यांची पोरं लाठ्या फिरवतात. जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत ओट्यांवर, गच्च्यांवर, खांबांवर माणसं. आजूबाजूच्या गावांतून लोक दुपारीच चादर टाकून जागा धरतात. पहाटेपर्यंत कुणी घरी जात नाही.

मी ते दर वर्षी पाहिलं आहे आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बंद मिलचा म्हातारा कामगार झांकी वळणावर दिसली की ‘ती बघ, आपली मिल आली’ म्हणतो. तुझ्या आजोबांनीही असंच काही म्हटलं असेल. आठव. ते नेमके शब्द आठव, खांद्यावर बसल्यावर त्यांच्या टोपीचा किंवा तेलाचा वास आठव, झांकीवर काय होतं ते आठव. आठवलं नाही तर बाबांना विचार. ‘नळ आले’ आणि ‘मिल आली’ या दोन वाक्यांत अख्खं शहर मावतं. मुंबई हे गिरण्यांचं शहर. त्या सभेत गिरणगावातली माणसं असतील, ज्यांच्या घरातही कुणी जॉबर होता, साच्यावर होता, बदली कामगार होता. तू पराक्रम सांगितलास तर ते टाळ्या वाजवतील. आजोबांची मिल सांगितलीस तर त्यांना आपलं घर आठवेल.

गिरण्यांची गोष्ट तुझ्या घरची आहे. हे उत्तर वाचणाऱ्या ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या, धार-देवासच्या कुणाला अशाच कार्यक्रमात उभं राहायचं असेल तर त्यांनी आपल्या घरातून एक तशी गोष्ट शोधावी. ग्वाल्हेरच्या घरात कदाचित लष्कर भागातली संध्याकाळची गाण्याची शिकवणी असेल, बडोद्याच्या घरात सयाजीरावांच्या काळातल्या वाचनालयाचं एखाद्या आज्जीने जपलेलं कार्ड असेल. राजाची गोष्ट पुस्तकात मिळते. कार्डावर आज्जीचं नाव कुठल्या शाईत लिहिलं होतं, ते फक्त घरच्यांना माहीत असतं.

आता कामाचं बोलू. तीन मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तर तीनशे शब्द, त्याहून जास्त नाही. काकांचा मजकूर तू मला पाठवला आहेस, तो साडेपाचशे आहे. नुसता तो वाचायलाच तुला धावावं लागेल. लिहायला बसू नकोस आधी. फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला सांगतेस तसं सांग. मग ते ऐक आणि त्यातलं जे आवडेल ते कागदावर उतरव. बोललेलं लिहिलं की ते पुन्हा बोलता येतं. लिहिलेलं बोलायला गेलं की ते पुस्तकी होतं. सुरुवात नावाने आणि मोहल्ल्याने कर. ‘मी इंदूरची’ पेक्षा ‘मी इंदूरच्या रामबागेतली’ हे जास्त खरं ऐकू येतं (तू जिथे राहतेस तिथलं नाव घाल). शाळेत गणित शिकवतेस हे सांग, लोकांना माणूस कळतो. मग आजोबा आणि झांकी. मग ‘नळ आले’ची गोष्ट, पुण्यातल्या हशासकट, पण बहिणीला कमी न लेखता. सभेत लोक हसतील. या वेळी ते तुझ्याबरोबर हसतील, कारण गोष्ट तू सांगत असशील.

काकांना न सांगता मजकूर बदलू नकोस. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, बसून त्यांना तुझी तीन मिनिटं म्हणून दाखव आणि विचार, ‘काका, यात तुमचं कुठलं वाक्य घालू?’ ते एक वाक्य सुचवतील, ते घे. मंडळाच्या कामात निम्मे रुसवे न विचारल्याचे असतात, हे मी तीस वर्षांत पाहिलं आहे. महेश्वर राजधानी होती हेही तिथेच, चारचौघांत नाही, हळूच सांग.

कपड्यांचं तू विचारलं नाहीस, पण मंडळाकडून नऊवारीचा आग्रह होईल. नेसायची असेल तर महेश्वरी नेस. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकरांना आसरा दिला, त्यातून ते लुगडं आलं. ‘अहिल्यानगरीची कन्या’ तोंडाने म्हणण्यापेक्षा ते अंगावर असलेलं बरं. नऊवारी हवी असेल तर आधी सांगून ठेवावी लागेल, म्हणून या महिन्यातच चौकशी कर. आणि घरी नेसून अर्धा तास चालून बघ, जिना चढून बघ. चैत्रात मुंबईला सकाळी नऊलाच घाम फुटतो आणि यात्रा तीन-चार तास चालते. पायांत नवी कोल्हापुरी घालू नकोस, जुनी, रुळलेली घाल. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आणि पाडवा यांत दहा-अकराच दिवसांचं अंतर असतं. राजवाड्यावर गेरीत भिजून आली असशील तर नखांच्या कडांना अजून गुलाबी रंग असेल. तो घासून काढू नकोस. कुणी विचारलं तर त्यावरही दोन वाक्यं बोलता येतील.

आणि आता आई.

‘तिथे माझं काय काम’ हे ती बोलली, आणि तू ते मला लिहिलंस, म्हणजे ते तुलाही लागलं आहे. तू स्वतःला ‘अर्धी मालवी’ म्हणतेस तेव्हा ते अर्धं जणू वजा करायचं असल्यासारखं लिहितेस. पण माळव्यातल्या मराठी घराचं पूर्ण चित्र तुझ्याच घरात आहे. मला सांग, पितृपक्षात आईने तुझ्याबरोबर भिंतीवर शेणाची संजा काढली होती की नाही? मालवी मुलगी असल्यावर काढलीच असणार. सोळा दिवस, रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या, शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती. सर्वपित्री अमावास्येला हा खेळ संपतो आणि दुसऱ्या दिवशी घट बसतात, की लगेच वडिलांकडच्या बायका पाटावर हत्ती काढून भोंडला मांडतात. पुण्याच्या मुलीला नऊ दिवस मिळतात. तुला पंचवीस मिळाले. एका भिंतीवर आईचं, एका पाटावर आत्याचं. हे मुंबईच्या व्यासपीठावर तुझ्याखेरीज दुसरं कोण सांगणार आहे? गेली अडीचशे-तीनशे वर्षं माळव्यातलं मराठी घर मालवी शेजाराच्या आधाराने उभं राहिलं आहे. आपल्या वरणात आणि बोलण्यात त्या शेजाराची चव आहे. तो शेजार तुझ्या घरात आई होऊन आला.

म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात आईचं नाव घे. ‘माझी आई मालवी आहे आणि ती समोर बसली आहे’ एवढं एक वाक्य बोल. तिला मराठी नीट येत नाही असं ती म्हणते, पण तीस-पस्तीस वर्षं या घरात राहिलेल्या बाईला मराठी समजत नसेल हे मला पटत नाही. तिला बोलायची भीती वाटते, अगदी तुला वाटते तशीच. तुझं बघून तिची थोडी कमी होईल. तिला ‘चल ना’ असं विचारू नकोस. विचारलं की ती नाहीच म्हणणार, आपल्या आया तशाच असतात. तिच्याकडे काम सोपव. म्हण, ‘आई, मला नऊवारीच्या निऱ्या जमत नाहीत, तू हवीस.’ निऱ्या तिला येत नसतील तर दोघी मिळून शिका, अजून दिवस आहेत.

पाडव्याच्या सुमारास मुंबईची अवंतिका एक्सप्रेस लवकर भरते. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळीच बस आणि दोन तिकिटं काढ. खालची बर्थ आईच्या नावावर.

तुझी,
काकू